न्यूटन, भाची आणि नळ स्टॉप

'मामा, मोमेंटम म्हणजे काय रे?'

रविवारी सकाळी पोह्यांचा पहिला घास तोंडात असताना कुणी असला प्रश्न विचारू नये. पण विचारणारी माझी भाची. इयत्ता नववी. सोमवारी युनिट टेस्ट. आणि घरात इंजिनिअर एकटा मीच. (इंजिनिअर म्हणजे, हिंजवडीत बसून एक्सेल शीट भरणारा. पण ताईला हे कोण सांगणार?)

'मोमेंटम म्हणजे संवेग. वस्तुमान गुणिले वेग,' मी झटकन ठोकून दिलं.

'ते पुस्तकात आहेच. म्हणजे काय, ते सांग.'

झाली का पंचाईत! चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण 'म्हणजे काय' हे मला कुणी विचारलंच नव्हतं. फॉर्म्युला लिहायचा, किमती घालायच्या, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या. विषय संपला.

अशा वेळी मला अरविंद गुप्ता आठवतात. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर पुण्यात टेल्कोत नोकरीला होता. पुढे ते सगळं सोडून त्यांनी काड्यापेटी, स्ट्रॉ, फुगे, जुन्या सायकलच्या ट्यूब असल्या 'कचऱ्या'तून मुलांना विज्ञान शिकवायचा ध्यास घेतला. 2003 ते 2014 अशी अकरा वर्षं ते आयुकाच्या आवारातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात खेळणी बनवत होते. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं म्हणणं साधं आहे. मुलाला खेळणं द्या, ते मोडू द्या, नियम आपोआप कळतो.

म्हटलं, चला. पुस्तक बंद, कॅरम बाहेर!

सात सोंगट्यांची चळत रचली आणि स्ट्रायकर सपकन खालच्या सोंगटीवर मारला. ती सुटली, वरच्या सहा जागच्या जागी खाली बसल्या. 'हा पहिला नियम. जडत्व. कुणी ढकललं नाही तर वस्तू जागची हलत नाही. आणि चालत असली तर कुणी अडवल्याशिवाय थांबतही नाही.'

'म्हणजे पीएमपीएमएल!' बाईसाहेब ओरडल्या. बरोबर. ड्रायव्हर ब्रेक मारतो. बस थांबते, आपण थांबत नाही. आपल्याला पुढे कुणीच ढकललेलं नसतं. आपण फक्त आधीच्याच वेगाने जात राहतो, पुढच्या काकूंच्या भाजीच्या पिशवीपर्यंत.

दुसऱ्या नियमासाठी टेनिस बॉल आणला. आधी हात ताठ ठेवून कॅच घ्यायला लावला. मग हात मागे नेत. 'दुसऱ्यांदा कमी लागला,' ती म्हणाली. का? बॉल तोच, वेग साधारण तोच, म्हणजे संवेगही तोच. तो शून्यावर आणायचाय हेही ठरलेलं. पण दुसऱ्यांदा आपण त्याला थांबायला जास्त वेळ दिला. वेळ वाढला की बल कमी होतं. अख्खा दुसरा नियम हाच. मोमेंटम म्हणजे काय, तर चालत्या वस्तूला थांबवायला किती जड जाईल, त्याचा हिशोब.

तिसरा नियम घोटवायला आम्ही गच्चीत चालून आलो. आपण पायाने जमीन मागे ढकलतो आणि जमीन आपल्याला पुढे ढकलते. क्रिया, प्रतिक्रिया. 'दोन्ही सारखीच असतात, तर मग कटत का नाहीत?' हा प्रश्न मला नववीत पडला होता, पण विचारायची हिंमत झाली नव्हती. तिने विचारला. उत्तर सोपं आहे. एक बल जमिनीवर लागतं, दुसरं आपल्यावर. कटायला दोन्ही एकाच वस्तूवर लागायला हवीत ना! आणि घर्षणच नसेल तर जमीन ढकलणार कशी? पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं आणि नळ स्टॉपच्या वळणावर आपल्या गाड्या घसरतात, ते यामुळेच.

इथपर्यंत मामा फॉर्मात होता. मग म्हणाला, 'चल, आपल्या स्कूटरचा मोमेंटम काढू.' नको तिथे हुशारी!

स्कूटर साधारण 105 किलो. मी 70 (बरं, 74). ती 45. बेरीज अंदाजे 220. वेग ताशी 40 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 11 मीटर. गुणाकार 2400च्या घरात. आता क्रिकेटचा सीझन बॉल घ्या. वजन 160 ग्रॅम, वेग ताशी 140. त्याचा संवेग जेमतेम 6. म्हणजे फास्ट बोलरचे चारशे बॉल एकदम!

मग तिने स्वतःच पुढचं गणित मांडलं. ताशी 40ने भिंतीवर आदळायचं, तर तेवढा वेग यायला किती उंचावरून पडावं लागेल? उत्तर आलं सव्वासहा मीटर. दुसऱ्या मजल्याची गॅलरी. अगदी उभ्या गाडीवरून कलंडलो, तरी दीड मीटरवरून खाली येणारं डोकं रस्त्याला ताशी 20च्या आसपास वेगाने लागतं.

ती वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'मामा, मागे बसणाऱ्याचा वेग वेगळा असतो का रे?'

रोज संध्याकाळी क्लासला मी तिला सोडतो. माझं हेल्मेट कधी डोक्यावर, बरेचदा कोपरावर. तिच्याकडे हेल्मेटच नाही. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे, हे मला माहीत आहे. तरी गेल्या दोन वर्षांत मनात आलं नव्हतं. पुण्यात हेल्मेट म्हटलं की आपण आधी मोर्चा काढतो, मग विचार करतो. केस विस्कटतात, मान दुखते, 'मी तर इथेच चाललोय' वगैरे. गेल्या पावसाळ्यात मी वाळूवरून घसरलो, तेव्हाही इथेच चाललो होतो. हेल्मेट कोपरावर होतं. कोपर एकदम सुरक्षित राहिला. कपाळाला पाच टाके.

'आणि हेल्मेट काय करतं?' तिने विचारलं. उत्तर तिलाच येत होतं. आतला थर्माकोल चेपतो आणि डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. कॅच घेताना हात मागे नेतात, तसंच. पट्टा लावला नसेल तर मात्र हेल्मेट पहिला नियम पाळतं आणि एकटंच पुढे निघून जातं.

दुपारी जाऊन तिच्यासाठी आयएसआय मार्कचं हेल्मेट आणलं. रंगावरून अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी जांभळं.

टेस्टमध्ये वीसपैकी अठरा पडले. दोन मार्क व्याख्या 'पुस्तकाप्रमाणे न लिहिल्याबद्दल' गेले. ताई म्हणाली, मामाने शिकवलं की असं होतं. मी काही बोललो नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये भाची माझ्या आधी उभी होती, जांभळं हेल्मेट घालून. माझ्या कोपराकडे बोट दाखवून म्हणाली, 'पट्टा लाव. मग निघू.'