मुलगा घडतो की मोडतो?



पावसाळ्याच्या तोंडावर झालेली आपली बोईसरची बैठक नेहमीसारखी रेशनच्या प्रश्नावरून सुरू झाली आणि एका मुलाच्या पाठीवर येऊन थांबली. बैठक संपली तरी एमआयडीसीलगतच्या चाळीतली एक ताई उठेना. तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा भरतीची तयारी करतो. पहाटे साडेचारला उठून बोईसर-चिल्हार रस्त्यावर ट्रकच्या उजेडात पळतो, मग एका खाजगी प्रशिक्षण वर्गाच्या मैदानावर जातो. आदल्या रात्री त्याने सदरा काढला तेव्हा तिला त्याच्या पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले. विचारलं तर तो म्हणाला, ‘‘आई, सिनेमात बघितलं नाहीस का? असंच असतं. मार खाल्ल्याशिवाय कुणी फौजी होत नाही.’’

ताईने मला विचारलं, ‘‘आता तक्रार करू, की देवापुढे नारळ फोडू?’’

चौकशी केली तेव्हा कळलं, की मारणारा प्रशिक्षक नव्हता. या मुलाचा पाय सुजला होता. १६०० मीटरच्या धावेत तो मागे पडला. प्रशिक्षकाने त्याला बाजूला बसवलं आणि ‘याच्यामुळे’ म्हणून बाकी सगळ्या रांगेला जादा फेऱ्या मारायला लावल्या. संध्याकाळी रांगेने त्याचा हिशेब चुकता केला. पहिला पट्टा ज्याने उचलला, त्याची आईही आपल्या गटात आहे. त्या दिवशी ती याच ताईच्या शेजारी, त्याच सतरंजीवर बसली होती.

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आहे. हिंसेच्या घटनेत काय करायचं, कुणाला भेटायचं, कागद कसा लिहायचा, हे मला शिकवलेलं आहे. पण त्या दिवशी मला पटकन बोलता आलं नाही. कारण त्या मुलाने ज्या सिनेमांचं नाव घेतलं, त्यांवर मीही वाढले आहे. पंधरा ऑगस्टला टीव्हीवर ‘बॉर्डर’ लागला की आमच्या घरात जेवणं खोळंबायची. शाळेत असताना ‘प्रहार’ पाहून मी आठवडाभर गार पाण्याने अंघोळ करत होते. म्हणून या वेळी आपण या सिनेमांकडेच जरा नीट बघू या.

‘प्रहार’ १९९१ सालचा. नाना पाटेकरांनी दिग्दर्शित केलेला, बेळगावच्या कमांडो प्रशिक्षणावर बेतलेला. त्यातला मेजर चव्हाण पोरांना चिखलात लोळवतो, उपाशी ठेवतो, शब्दांनी सोलून काढतो. पीटर डिसूझा हा मुंबईच्या एका बेकरीवाल्याचा मुलगा. बापाला त्याने फौजेत जायला नको आहे, पण तो या सगळ्यातून तावून निघतो. पुढे एका कारवाईत त्याचे पाय जातात. तो घरी परततो, आणि हप्ता मागणाऱ्या गुंडांकडून मारला जातो. मग मेजर एकेकाला गाठून संपवतो. शेवटी न्यायालय त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवतं, आणि पडद्यावर दिसतं त्याचं स्वप्न: शेकडो उघडी मुलं त्याच्याबरोबर धावताहेत.

हा सिनेमा प्रामाणिक आहे असं मी आजही म्हणेन. पाय गमावलेला जवान घरी आल्यावर त्याचं काय होतं, ही गोष्ट आपल्या सिनेमात फार थोड्यांनी सांगितली. पण ती तरी कुठवर? पीटर चाकाच्या खुर्चीत जगायला शिकतो आहे, तोच कथेला त्याचं मरण हवं असतं, म्हणजे मेजरच्या सूडाला वाट मिळते. त्याच्याशी लग्न ठरलेली शर्ली आणि शेजारची विधवा किरण या दोघी त्या सूडाच्या साक्षीदार होऊन उरतात. आणि इलाज म्हणून आपल्यासमोर काय ठेवलं जातं? सगळ्याच मुलांना लहानपणापासून असं पळवा!

दूरची एक गोष्ट सांगते. स्टॅनली कुब्रिकचा ‘फुल मेटल जॅकेट’ हा १९८७ सालचा इंग्रजी सिनेमा अमेरिकेच्या मरीन दलाच्या प्रशिक्षणावर आहे. त्यात प्रशिक्षक रंगरुटांना बायका म्हणून हिणवतो, आपल्या बंदुकीला मुलीचं नाव द्यायला लावतो. एक जाडसर, संथ मुलगा चुकला की शिक्षा त्याला नाही, बाकीच्यांना. मग एका रात्री सगळे मिळून त्याला खाटेवर दाबून धरतात आणि टॉवेलात साबणाच्या वड्या गुंडाळून बडवतात. त्या मुलाचं डोकं फिरतं. तो प्रशिक्षकाला गोळी घालतो आणि स्वतःलाही. माणसाची अशी मोडतोड होऊ नये, हे दाखवायला काढलेला सिनेमा. पण प्रेक्षकांनी उचलला तो प्रशिक्षक! त्याच्या शिव्या पाठ झाल्या. पुढे अँथनी स्वॉफर्ड या मरीन सैनिकाने २००३ साली आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. आखाती युद्धावर निघण्याआधी त्याच्या तुकडीने व्हिएतनाम युद्धाचे सिनेमे आणून बघितले आणि जल्लोष केला, असं त्यात आहे. सिनेमा युद्धाच्या बाजूचा की विरोधातला, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं नाही.

आपल्या बोईसरच्या मुलाने हा इंग्रजी सिनेमा पाहिलेला नाही. पण मैदानावर घडलं ते तेच. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना, मग सगळ्यांची शिक्षा एकाला. आणि शिव्या? ‘बांगड्या भर’, ‘बायल्या’, ‘आईच्या पदराखाली जा’. मुलाला कणखर करायचं म्हणजे आधी त्याच्यातली बाई मारायची, हे यामागचं गणित आहे. दुखतं म्हणणं, थकलो म्हणणं, दुसऱ्याला हात देणं हे सगळं बाईच्या खात्यावर टाकायचं आणि मग त्या खात्यावर थुंकायला शिकवायचं. असा शिकलेला मुलगा संध्याकाळी घरीच येतो. घरात त्याची बहीण असते, उद्या बायको येणार असते.

माणूस माणसाला सहजी मारत नाही. मार्शल या अमेरिकन लष्करी इतिहासकाराने १९४७ साली लिहिलं, की दुसऱ्या महायुद्धात चकमकीतल्या फार तर चौथ्या हिश्श्याच्या सैनिकांनीच प्रत्यक्ष गोळी झाडली. त्याच्या आकड्यांवर नंतर पुष्कळ शंका घेतल्या गेल्या. पण त्यानंतर नेमबाजीच्या सरावात गोल चकत्यांऐवजी माणसाच्या आकाराची लक्ष्यं आली, ती विचार न करता हात चालावा म्हणून. म्हणजे प्रशिक्षण हे एक जड काम आहे. ते कधी आवश्यक असेल, पण त्याची किंमत असते. सिनेमा हे काम गाण्याच्या ठेक्यावर पाच मिनिटांत उरकतो आणि किंमत कुणी भरली ते दाखवत नाही.

लढाईचं चित्रणही तसंच. जे. पी. दत्तांच्या ‘बॉर्डर’मध्ये (१९९७) डिसेंबर १९७१ ची लोंगेवालाची लढाई आहे. सुनील शेट्टीने रंगवलेला सीमा सुरक्षा दलाचा भैरोंसिंग त्यात रणगाड्यावर चालून जाऊन हुतात्मा होतो. थिएटरात लोक रडले. खरे भैरोंसिंग राठोड त्या लढाईतून जिवंत परतले होते. त्यांना सेना पदक मिळालं, १९८७ साली ते निवृत्त झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरच्या इस्पितळात वारले. सिनेमानंतर पंचवीस वर्षं एक म्हातारा माणूस राजस्थानातल्या आपल्या गावात जगत होता आणि देश त्याच्या मरणावर टाळ्या वाजवत होता! पडद्याला मेलेला वीर चालतो. जिवंत परतलेल्याचं काय करायचं ते त्याला सुचत नाही.

२०१९ च्या ‘उरी’मध्ये बापाच्या अंत्यविधीला एक छोटी मुलगी रडता रडता पलटणीची रणगर्जना देते. मी तो प्रसंग पाहताना रडले, हे लपवत नाही. पण नंतर वाटलं, या पोरीला नुसतं रडायची मुभा का नाही?

अशा सिनेमांना रणगाडे, छावण्या, जवान लागतात. ते सैन्याच्या परवानगीशिवाय मिळत नाहीत. जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला कळवलं, की सैन्यावरच्या सिनेमांना आधी मंत्रालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायला सांगावं. जानेवारी २०२२ मध्ये दिग्दर्शक ओनीर यांची एका समलिंगी सैनिकावरची पटकथा नाकारली गेली. तेव्हा पडद्यावरचा मर्द एकाच साच्यातून का येतो, याचं उत्तर सगळं प्रेक्षकांच्या आवडीत शोधू नका.

मी सैन्याविरुद्ध लिहिते आहे, असं कुणाला वाटेल. तसं नाही. आपल्या भागात मुलापुढे वाटा किती आहेत? रसायनाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे बारा तास, नाहीतर पहाटेची लोकल धरून मुंबईला सिक्युरिटीचं काम. वर्दीची नोकरी ही त्यातली एकच शिडी, जिला पगार आणि मान दोन्ही आहे. म्हणून आई पहाटे उठून चणे भिजवलेला डबा देते. पण २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेच्या मूळ नियमांत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलं पुढे कायम होतात. उरलेली ऐन पंचविशीच्या आत घरी परततात. म्हणजे परतलेला मुलगा ही आता घरोघरची गोष्ट होणार आहे, आणि त्या गोष्टीचा सिनेमा कुणी काढलेला नाही.

ती गोष्ट आपल्याच गटातल्या एका मावशींनी सांगितली. त्यांचे यजमान फौजेतून निवृत्त होऊन एका कंपनीच्या गेटवर काम करतात. मावशी म्हणाल्या, ‘‘बावीस वर्षं झाली, मी त्यांना हात लावून उठवत नाही. दारात उभी राहून हाक मारते. एकदा खांद्याला हात लावला होता, माझं मनगट मोडलं. ते नंतर रात्रभर रडले. ते रडले हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.’’

हेच काका आमच्याबरोबर मैदानावर आले. आम्ही पाच बायका होतो. प्रशिक्षक हसून म्हणाला, ‘‘इथे हळदीकुंकू आहे का?’’ आम्ही दोनच गोष्टी मागितल्या: एकाची शिक्षा रांगेला नको, आणि दुखापत झालेल्याला पळवायचं नाही. काका त्याला शांतपणे म्हणाले, ‘‘आमच्या उस्तादाने पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त काय शिकवलं असेल, तर पाय कसे जपायचे. मोजे कोरडे, नखं कापलेली, फोड लपवायचा नाही. पाय गेला तर जवान गेला.’’ कुठल्या सिनेमात हे बघितलं आहे तुम्ही?

रांगेची शिक्षा बंद केल्याचं प्रशिक्षकाने आम्हाला सांगितलं. ती खरंच बंद आहे का, हे आम्ही अधूनमधून जाऊन बघतो. सुजलेल्या पायाचा मुलगा तीन आठवडे घरी बसून पुन्हा जाऊ लागला आहे. पट्टा उचलणाऱ्या मुलाशी मी बोलले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मी नसतं मारलं, तर उद्या मला मारलं असतं.’’ तो खोटं बोलत नव्हता. त्याची आई दोन बैठकांना आली नाही. तिसरीला आली. दोघी अजून एकमेकींशेजारी बसत नाहीत.

आणखी एक गोष्ट. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी पहिल्यांदा १७ मुली बाहेर पडल्या. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने दार उघडलं, तेव्हा हे घडलं. याचा मला आनंद आहे. आपल्या पालघरच्या मुलीही भरतीसाठी पळताहेत. पण रांगेत मुलगी उभी असताना ‘बायकांसारखा रडू नको’ हे वाक्य कसं म्हणणार? मुलींनी जुन्या साच्यात बसायचं, की त्यांच्यामुळे साचा बदलायचा, हे आपोआप ठरणार नाही. त्यासाठी आपल्याला बोलावं लागेल.

म्हणून एक सुचवते. या तिमाहीत प्रत्येक गटाने एखादा युद्धपट मुलामुलींना बरोबर घेऊन पाहावा. बंदी घालू नका, उपदेश करू नका. फक्त सिनेमा संपल्यावर विचारा: यात अपमान करायला कुठले शब्द वापरले? कुणाचं रडणं दाखवलं, कुणाचं गाळलं? हा माणूस दहा वर्षांनी घरी कसा झोपत असेल? आणि आपल्या जवळच्या भरतीवर्गाच्या मैदानावर एकदा जाऊन या. तिथली कितीतरी मुलं अठराच्या आतली असतात. ज्याच्या हाती मूल सोपवलं आहे त्याने त्याला क्रूरपणे वागवणं हा बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे.

‘तक्रार करू की नारळ फोडू’ या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकले नाही. आता एवढंच म्हणते, की मुलाच्या पाठीवरचे वळ ही पदकं नाहीत, आणि ते बघून आईच्या पोटात तुटतं तो तिचा कमकुवतपणा नाही. तुमच्या गावच्या मैदानावर काय दिसलं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.