दया नको, नोंद हवी!

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा बळी गेला. त्यांत मालकाचे कुटुंबीय होते, तसे कामगारही होते. पंतप्रधानांनी आणि मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या वारसांना मदत जाहीर केली. ते योग्यच झाले. परंतु ज्या अपघाताचा धूर आकाशात दिसत नाही, त्याचे काय? मागावरून निसटलेला धोटा डोळ्यावर आदळतो, दंतचक्रात बोटे सापडतात. या जखमांची बातमी होत नाही आणि त्यांच्यासाठी मदतही जाहीर होत नाही.

अशा वेळी पूर्व भागात काय घडते, हे सोलापूरकरांना ठाऊक आहे. मालक जखमीला जवळच्या खासगी रुग्णालयात नेतो, पहिले बिल भरतो आणि हातावर थोडी उचल ठेवतो. पुढे हीच उचल आठवड्याच्या मजुरीतून कापली जाते. तरीही कामगाराची पत्नी म्हणते, ‘शेठजींनी सांभाळून घेतले.’ ज्याच्या कामासाठी हात गमावला, त्याचेच उपकार मानायचे आणि उपचाराचा खर्चही आपणच फेडायचा, याला सांभाळणे म्हणावयाचे काय?

कायदा या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. कामगार राज्य विमा कायदा १९४८ साली झाला. त्यानुसार विमाधारक कामावर जखमी झाला, तर उपचाराचा भार विमा योजनेवर असतो आणि तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. अपघातापूर्वी किती महिने वर्गणी भरली, याचा हिशेब इथे विचारला जात नाही. जिथे ही योजना लागू नाही, तिथे १९२३ च्या भरपाई कायद्याने मालकावर जबाबदारी टाकली होती आणि २००९ च्या दुरुस्तीने उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही त्याच्याच माथी आला. कामगाराकडून स्टॅम्प पेपरवर ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून घेतले, तरी त्याने भरपाईचा हक्क संपत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या संरक्षणाला स्थान आहे.

मग अडते कुठे? अडते ते हजेरीच्या वहीत. दहा कामगारांची मर्यादा ओलांडू नये म्हणून एकाच छपराखालचे माग कागदावर पत्नीच्या, भावाच्या, मुलाच्या नावे वाटले जातात. मालकाने वर्गणी बुडवली, तरी महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. परंतु आपण तिथे कामाला होतो, हे सिद्ध कशाने करायचे? ना नियुक्तिपत्र, ना वेतनचिठ्ठी, ना वहीत नाव! जखमी कामगाराला उपचार मिळणार की नाही, हे अपघाताच्या दिवशी ठरत नाही. तो कामावर रुजू झाला, त्या दिवशीच ठरून गेलेले असते.

‘धंदा परवडत नाही’ हे मालकांचे नेहमीचे उत्तर असते. सूत आणि वीज यांचे दर त्यांना छळतात, हे खरे. पण हिशेब करून पाहावा. जुलै २०१९ मध्ये मालकाचा हिस्सा ४.७५ वरून ३.२५ टक्के आणि कामगाराचा १.७५ वरून ०.७५ टक्के करण्यात आला. बारा हजार वेतनावर मालकाला महिन्याला ३९० रुपये पडतात आणि कामगाराला ९०. एका डोळ्याची किंमत याहून कमी आहे काय?

‘कामगारालाच कपात नको असते’ हा दुसरा युक्तिवाद. त्यात तथ्य असेल, तर दोष सरकारी यंत्रणेचा आहे. सोलापुरात कामगार विमा रुग्णालय आहे. तिथे वेळेवर तज्ज्ञ डॉक्टर आणि औषध मिळेल, असा विश्वास कामगाराला वाटलाच पाहिजे. ही योजना मुख्यतः मालक आणि कामगार यांच्या वर्गणीवर चालते. तिथला उपचार म्हणजे खैरात नव्हे. १ जानेवारी २०१७ पासून वेतनमर्यादा २१ हजार रुपये करण्यात आली. ती ४२ हजारांवर न्यावी, या भारतीय मजदूर संघाच्या मागणीला म्हणूनच बळ द्यावयास हवे.

लाल बावट्याने कामगाराला मालक हा शत्रू म्हणून दाखवला. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये मजदूर संघाची स्थापना केली, ती वर्गसंघर्ष नाकारून आणि उद्योग हे एक कुटुंब मानून. परंतु मालकाला शत्रू न मानणे म्हणजे त्याच्या दोषांवर पांघरूण घालणे नव्हे. कुटुंबातील कर्त्या पुरुषाने घरच्या माणसाचे नाव लपवायचे नसते. मार्कंडेय रथोत्सवाला आणि गड्ड्याच्या यात्रेला सढळ हाताने देणगी देणाऱ्याने आपल्या मागावरच्या विणकराचे नाव वहीतून गाळावे, हे कोणत्या धर्मात बसते? ज्या सिद्धरामेश्वरांना हे शहर कर्मयोगी म्हणून वंदन करते, त्यांच्या गावात श्रम करणाराच बेदखल राहावा काय?

विश्वकर्मा जयंतीला यंत्रांची पूजा होते. येत्या १७ सप्टेंबरपूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील दहा कामगारांना एवढेच विचारावे : ‘तुमचा विमा क्रमांक काय?’ ज्याच्यापाशी क्रमांक नसेल, त्याच्याबरोबर मालकाकडे जावे, नोंदणीचा आग्रह धरावा. मालकाने टाळाटाळ केली, तर महामंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. आणि स्वयंसेवकांपैकी जे स्वतः कारखानदार आहेत, त्यांनी या कामाचा प्रारंभ आपल्याच वहीपासून करावा.