विठू महाराची भाकरी

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सोलापूर जिल्ह्यात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. दुष्काळात पंतांनी बादशाही कोठार उघडले, लोक जगले, आणि त्या धान्याचे पैसे बिदरच्या दरबारात भरायला खुद्द विठोबा गेला. कोणत्या रूपात गेला? विठू महाराच्या. कीर्तनात हे ऐकताना आपले डोळे पाणावतात. पण कीर्तन संपले की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. कथेत ज्याने साऱ्या मुलखाच्या धान्याची किंमत भरली, त्या विठूच्या जातभाईंना गावाने काय दिले? दारोदार मागितलेली शिळी भाकरी, खळ्यावरचे उरलेसुरले बलुते आणि वेशीबाहेरची जागा. त्याच मंगळवेढ्यात भिंत कोसळून चोखोबा गाडले गेले, असे परंपरा सांगते. कोठाराचे पुण्य पंतांच्या नावावर आणि भिंतीखालची हाडे चोखोबांची, असा हा हिशेब आहे.

जुळे सोलापुरात जिल्हा मेळाव्याला जमणाऱ्या शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, भावाचा लढा आपण लढतोच आहोत. पण भाव कुणाच्या धान्याला आणि कुणाच्या घामाला, हेही एकदा उघड बोलू या.

आधी धान्याचे बोलू. आपल्या देशात माणसाला जात आहे तशी धान्यालाही आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनचे दर ठरवले: तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो. म्हणजे बागायती धान्य वरच्या पंगतीला आणि आमची ज्वारी-बाजरी उंबऱ्याबाहेर. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झाले. पण दुकानात येते ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. कधी ज्वारी आलीच तर पाहुण्यासारखी येते आणि जाते. त्याच २०२३ साली जगाने भरडधान्य वर्ष साजरे केले, दिल्लीने ज्वारीला ‘श्री अन्न’ असे नाव दिले. नाव बदलले, पंगत बदलली नाही.

ही ज्वारी हलकी आहे काय? मालदांडी ३५-१ हे वाण आपल्याच मोहोळला निवडले गेले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पाटाचे पाणी नाही, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर हे पीक उभे राहते. शहरात हीच भाकरी कडक करून, पुड्यात बांधून चांगल्या पैशाला विकली जाते. मात्र सरकारला ज्वारीची आठवण कधी झाली? २००७ साली, धान्यापासून मद्यार्क गाळणाऱ्या कारखान्यांना अनुदान देताना! गरिबाच्या ताटात ज्वारी घालायला पैसा नव्हता, पिंपात घालायला होता. आणि १९७२ च्या दुष्काळात आपल्या पोटात काय पडले? अमेरिकेचा लाल मिलो. तिकडे जो दाणा जनावरांना घालतात, तो इकडे रांगेत उभे राहून आपण घेतला.

मालदांडीचा हमीभाव २०२५-२६ साठी ३७४९ रुपये क्विंटल जाहीर झाला. पण रेशनसाठी जोवर नियमित खरेदी नाही, तोवर हा भाव कागदावरच राहायचा. उलट बाहेरून आलेला फुकटचा गहू-तांदूळ आपल्याच गावात आपल्या ज्वारीचे गिऱ्हाईक तोडतो. शेजारच्या कर्नाटकाने रेशनसाठी नाचणी आणि ज्वारी खरेदीची वाट धरली. महाराष्ट्राचे हात कुणी धरले आहेत?

इथपर्यंत टाळ्या पडतील. आता जे सांगायचे आहे त्याला टाळ्या पडल्या नाहीत तरी चालेल.

उद्या सरकारी खरेदी सुरू झाली तर माल कोण घालणार? ज्याच्या नावावर सातबारा आहे तो. गायरानावर दगड वेचून, बांध घालून दोन-तीन एकर ज्वारी पिकवणारा महार, मांग, पारधी यांचे काय? त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव सरकारचे. म्हणून त्याला खरेदी केंद्र नाही, पीककर्ज नाही, पंतप्रधान किसानचे पैसे नाहीत. दादासाहेब गायकवाडांनी याच जमिनीसाठी १९५९ साली महाराष्ट्रात लढा दिला. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला आणि भूमिहीनांनी तुरुंग भरले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तरीही कितीतरी जणांचे अर्ज अजून टेबलावरून टेबलावर फिरत आहेत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढायला सांगितली, तेव्हासुद्धा भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला. गावात मात्र नोटीस निघाली की हा अपवाद कुणाला आठवत नाही.

हा खेळ जगभर चालतो. अमेरिकेत १९२० साली सव्वानऊ लाख काळे शेतकरी होते, आज ते पन्नास हजारांच्या आत आहेत. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गुलाम म्हणून तिथला कापूस वेचला, त्यांनाच सरकारी कृषी खात्याने कर्ज नाकारले किंवा हंगाम उलटल्यावर दिले. कज्जा कोर्टात गेला आणि १९९९ साली सरकारला तडजोड करावी लागली. तोवर बहुतेकांच्या जमिनी गेल्या होत्या. जोतीराव फुल्यांना हे नाते दीडशे वर्षांपूर्वी कळले होते. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारेही तेच जोतीराव. त्यांना जातीचा प्रश्न आणि शेतीचा प्रश्न असे दोन कप्पे करावे लागले नाहीत.

काही मंडळी म्हणतील, संघटनेत जात कशाला आणता? शेतकरी सगळा एक! आम्हाला मान्य आहे. मग गायरानावर नांगर धरणारा शेतकरी आहे की नाही? असेल तर त्याच्या सातबाऱ्यासाठी आपण मोर्चा का काढत नाही? नसेल तर ‘सगळा एक’ ही घोषणा बंद करा.

हमीभाव काढताना सरकार आपल्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरत नाही, म्हणून आपण संतापतो, आणि ते रास्तच आहे. पण आपल्याच कापसाच्या फडात वेचणीचे ओझे काट्यावर चढते, तेव्हा त्या बाईच्या दिवसाचा हिशेब आपण पुरा धरतो का? घामाचे दाम मागणाऱ्याने दुसऱ्याच्या घामात मापात पाप करू नये.

म्हणून या मेळाव्यात तीन ठराव व्हावेत. रेशनवर जिल्ह्याचीच ज्वारी मिळावी, ती हमीभावाने आणि राजीखुशीने घेतलेली असावी. जुनी लेव्ही मात्र नको. गायरान कसणाऱ्या पात्र भूमिहीनांची नावे सातबाऱ्याला लागावीत, आणि तोवर पीकपाहणीच्या नोंदीवर त्यांचा माल घ्यावा. वेचणी-खुरपणीच्या मजुरीसह पुरा उत्पादनखर्च धरून भाव ठरावा, आणि ती मजुरी हातात पडावी.

पहिला ठराव एकमताने होईल. दुसऱ्याला किती हात वर होतात, ते विठूचे जातभाई मांडवाच्या कडेला उभे राहून मोजणार आहेत.