नायब कोणाचा?

जून २०१८ मध्ये दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल आणि त्यांचे तीन सहकारी मंत्री नायब राज्यपालांच्या निवासस्थानी गेले आणि तेथील प्रतीक्षाकक्षात ठाण मांडून बसले. सनदी अधिकाऱ्यांचा असहकार थांबवावा आणि शिधा घरपोच देण्याच्या योजनेला मान्यता द्यावी, या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. हा मुक्काम नऊ दिवस चालला. विधानसभेच्या ७० पैकी ६७ जागा जिंकून आलेल्या मुख्यमंत्र्याने आपल्याच राज्यकारभारासाठी दुसऱ्याच्या दिवाणखान्यात धरणे धरावे, हे दृश्य कोणाला हास्यास्पद वाटले, कोणाला नाटकी वाटले. त्यात नाटक होतेच. त्या पक्षाला रस्त्यावरच्या राजकारणाची सवय सत्तेवर आल्यानंतरही सुटली नव्हती. परंतु नाटक बाजूला ठेवले तरी एक प्रश्न उरतो. ज्याच्या दारात मुख्यमंत्र्याला बसावे लागते, तो हा अधिकारी नेमका कोण? आणि तो नायब असेल, तर कोणाचा?

आपल्याकडे ‘नायब’ हा शब्द नायब तहसीलदारामुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. तहसीलदार असतो म्हणून त्याचा नायब असतो. मराठेशाहीतही प्रधान मोहिमेवर गेले की त्यांचे मुतालिक दप्तर सांभाळीत. प्रधानांवाचून मुतालिकाला अर्थ नव्हता. या न्यायाने नायब राज्यपालाच्या वर कोणीतरी राज्यपाल असावयास हवा. पण दिल्लीत राज्यपाल नाही, पुदुच्चेरीत नाही, अंदमानात नाही. हिंदीत या पदाला ‘उपराज्यपाल’ म्हणतात, त्यानेही तोच घोटाळा होतो. ज्याच्या हाताखाली काम करावयाचे तो वरिष्ठ त्या प्रदेशात कोठेच दिसत नाही, असा हा दुय्यम आहे. त्याचा वरिष्ठ राष्ट्रपती भवनात असतो. आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालत असल्यामुळे व्यवहारात तो केंद्रीय गृहमंत्रालयात असतो.

हे पद इंग्रजी अमदानीचे अपत्य आहे. मुंबई आणि मद्रास इलाख्यांचे गव्हर्नर थेट विलायतेहून नेमून येत, त्यांना स्वतःचे कार्यकारी मंडळ असे आणि भारतमंत्र्याशी परस्पर पत्रव्यवहार करण्याचा अधिकार असे. त्यामुळे महाराष्ट्राने गव्हर्नर पाहिले, लेफ्टनंट गव्हर्नर कधी पाहिला नाही. उत्तरेत प्रकार निराळा होता. १८३६ मध्ये वायव्य प्रांताला, १८५४ मध्ये बंगालला आणि १८५९ मध्ये पंजाबला लेफ्टनंट गव्हर्नर मिळाला. हे बहुधा मुलकी सेवेतून वर आलेले अधिकारी असत. त्यांची नेमणूक गव्हर्नर जनरल करी आणि त्यांची मान त्याच्याच हाती असे. पूर्व बंगाल व आसाम या नव्या प्रांताचे पहिले लेफ्टनंट गव्हर्नर बॅम्फील्ड फुलर यांनी चळवळीत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शाळांवर कारवाईचा हट्ट धरला. हिंदुस्थान सरकारने तो मानला नाही, आणि १९०६ मध्ये फुलरसाहेबांना राजीनामा देऊन घरी जावे लागले. खाली प्रजेवर अनिर्बंध सत्ता आणि वर मालकापुढे संपूर्ण अधीनता, अशी ही दुहेरी घडण होती. तिचे सर्वांत भीषण रूप पंजाबात दिसले. जालियनवाला बागेच्या वेळी तेथे लेफ्टनंट गव्हर्नर होते मायकेल ओड्वायर, आणि डायरच्या कृत्यावर त्यांनी पसंतीची मोहोर उमटविली होती. दिल्ली शहरही १८५७ च्या उठावानंतर पंजाबला जोडले गेले होते आणि १९१२ पर्यंत ते याच पदाच्या अमलाखाली राहिले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९१९ च्या सुधारणांनंतर मोठ्या प्रांतांना गव्हर्नर मिळाले आणि हे पद मागे पडत गेले. ते पुन्हा वर काढले आपल्या राज्यघटनेने. १९५० साली ‘क’ वर्गातील राज्यांचा कारभार राष्ट्रपतींनी चीफ कमिशनर किंवा लेफ्टनंट गव्हर्नर यांच्यामार्फत चालवावा, अशी तरतूद झाली. लहान, विखुरलेले, आर्थिकदृष्ट्या दुबळे किंवा सरहद्दीवरचे हे प्रदेश होते. त्यांना एकदम पूर्ण राज्याचा दर्जा देणे शक्य नव्हते, म्हणून ही तात्पुरती सोय. सोयी तात्पुरत्या म्हणून होतात आणि त्यांचे वय पाऊणशे वर्षांचे होते, हा आपल्या सार्वजनिक जीवनातला जुनाच अनुभव.

मराठी वाचकाला या पदाची सर्वांत जवळची ओळख गोव्याने करून दिली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. काही महिने लष्करी गव्हर्नराचा अंमल चालला आणि जून १९६२ मध्ये नायब राज्यपाल आले. १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश कायद्याने गोव्याला विधानसभा मिळाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मात्र या कायद्याच्या ४४ व्या कलमात एक खुंटी मारून ठेवलेली होती. मंत्रिमंडळ आणि प्रशासक यांच्यात एखाद्या बाबीवर मतभेद झाला, तर प्रशासकाने ती बाब राष्ट्रपतींकडे पाठवावी; आणि निर्णय येईपर्यंत तातडीचे वाटल्यास स्वतःच्या अखत्यारीत हुकूम द्यावा. राज्याच्या राज्यपालाला असा अधिकार नाही. काही अपवाद सोडल्यास त्याने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात निःसंदिग्धपणे सांगून टाकले आहे.

तरीही हे पद नेहमी उपद्रवीच ठरते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण करावे की नाही, या प्रश्नावर जनमत कौल घ्यावयाचे ठरले तेव्हा विलीनीकरणाचा कट्टर पुरस्कर्ता पक्षच सत्तेवर होता. कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ डिसेंबर १९६६ मध्ये पायउतार झाले आणि कारभार नायब राज्यपालांच्या हाती गेला. त्या वेळी त्या पदावर के. आर. दामले हे मराठी सनदी अधिकारी होते. १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला आणि विलीनीकरणाचा पक्ष ३४ हजारांवर मतांनी हरला. महाराष्ट्रात त्या निकालाने अनेकांची मने दुखावली. पण कौल पार पडला आणि दोन्ही बाजूंनी तो मानला. काही आठवड्यांतच निवडणुका होऊन बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. नायब राज्यपालाने त्या चार महिन्यांत केले ते काम पंचाचे होते, आणि पंच बाहेरचा असलेलाच बरा असतो.

पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. त्या दिवशी काय बदलले, हे पाहणे उद्बोधक आहे. आदल्या दिवशीचे नायब राज्यपाल गोपाल सिंग दुसऱ्या दिवशी राज्यपाल झाले. मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे तेच राहिले. काबो येथला राजप्रासाद तोच, समोरचा समुद्र तोच. इतकेच काय, गोव्याचे वरिष्ठ सनदी अधिकारी केंद्रशासित प्रदेशांशी जोडलेल्या संयुक्त संवर्गातून येत राहिले, ते आजही येतात. बदलले ते एवढेच, की मतभेद झाला म्हणून फाईल दिल्लीला धाडण्याची वाट बंद झाली. माणूस तोच असताना पदाचा स्वभाव बदलतो, याचे एवढे स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही. म्हणूनच दिल्लीतील तंटा अमुक नायब राज्यपाल हेकट आणि तमुक मुख्यमंत्री भांडखोर म्हणून झाला, हे स्पष्टीकरण अपुरे पडते.

दिल्लीचा इतिहास या तंट्याने भरलेला आहे. १९५२ मध्ये तेथे विधानसभा आली. मुख्यमंत्री चौधरी ब्रह्मप्रकाश यांचे चीफ कमिशनरशी पटले नाही, १९५५ मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत विधानसभाही गेली. १९६६ च्या कायद्याने महानगर परिषद दिली, पण तिने फक्त शिफारशी करावयाच्या. निर्णय नायब राज्यपालांचा. १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने पुन्हा विधानसभा आणि मुख्यमंत्री आले. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे तीन विषय केंद्राने स्वतःकडे ठेवले, बाकीचे विधानसभेला दिले. पण गोव्यातली ती जुनी खुंटी येथे थेट घटनेतच मारली गेली: ‘कोणत्याही बाबीवर’ मतभेद झाल्यास राष्ट्रपतींकडे निर्देश.

‘कोणतीही बाब’ म्हणजे प्रत्येक बाब काय? हा व्याकरणाचा प्रश्न सुमारे पाव शतक कोट्यवधी नागरिकांच्या कारभाराच्या मुळाशी बसून होता. केंद्र आणि दिल्ली येथे एकच पक्ष असेपर्यंत, किंवा दोन्हीकडची माणसे सबुरीने घेणारी असेपर्यंत, तो कोणी विचारला नाही. मे २०१५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अधिसूचना काढून अधिकाऱ्यांच्या सेवांचा विषयही नायब राज्यपालांकडे दिला आणि भांडण न्यायालयात गेले. ४ जुलै २०१८ रोजी घटनापीठाने सांगितले की ‘कोणतीही’ म्हणजे ‘प्रत्येक’ नव्हे; नायब राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे, निर्देशाचा अधिकार अपवाद म्हणून वापरावा. २०२१ मध्ये संसदेने कायदा बदलून विधानसभेच्या कायद्यांतील ‘सरकार’ या शब्दाचा अर्थच नायब राज्यपाल असा केला. ११ मे २०२३ रोजी दुसऱ्या घटनापीठाने सेवांवरील अधिकार निवडलेल्या सरकारचा असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर आठच दिवसांनी, १९ मे रोजी, वटहुकूम निघाला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला.

या कायद्याची यंत्रणा वाचकांनी जरूर समजून घ्यावी. बदल्या आणि नेमणुकांसाठी एक प्राधिकरण आहे. त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री. सदस्य दोन: मुख्य सचिव आणि गृहखात्याचे प्रधान सचिव. निर्णय बहुमताने. म्हणजे दोन सनदी अधिकारी मिळून मुख्यमंत्र्याला मतदानात हरवू शकतात, आणि यदाकदाचित मुख्यमंत्री जिंकलाच तर अखेरचा शब्द नायब राज्यपालांचा. ज्या कार्यालयात कारकुनाची बदली करणारा एक, काम सांगणारा दुसरा आणि जाब विचारला जाणारा तिसरा, त्या कार्यालयात काम कसे चालते हे आमच्या वाचकांपैकी सरकारी नोकरीतल्या मंडळींना समजावून सांगण्याची गरज नाही. शाळेत शिक्षक नाहीत म्हणून पालक मंत्र्याकडे जातात. मंत्री म्हणतो, नेमणूक माझ्या हाती नाही. आणि ज्याच्या हाती आहे त्याला पालकांनी निवडून दिलेले नसते.

राजधानीत केंद्राचे काही विशेष अधिकार असले पाहिजेत, हे प्रस्तुत लेखकाला मान्य आहे. जेथे संसद, सर्वोच्च न्यायालय आणि परकीय वकिलाती आहेत तेथील पोलीस दल एखाद्या प्रादेशिक पक्षाच्या लहरीवर सोडता येणार नाही. पण त्यासाठीच तर तीन विषय १९९१ मध्ये बाजूला काढून ठेवले होते. शिक्षण आणि आरोग्य ही खाती मंत्र्याकडे सोपवावयाची आणि त्या खात्यांचा सचिव मात्र दुसऱ्याने नेमावयाचा, याचा राजधानीच्या सुरक्षिततेशी संबंध कसा पोहोचतो, हे कोणी सांगितलेले नाही.

यात तत्त्वाची चाड कोणाला किती, हाही एक कुतूहलाचा विषय आहे. ऑगस्ट २००३ मध्ये वाजपेयी सरकारच्या वतीने लालकृष्ण अडवाणी यांनीच दिल्लीला राज्याचा दर्जा देणारे विधेयक लोकसभेत मांडले होते. प्रणव मुखर्जींच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीने त्याची छाननी केली आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर ते कालबाह्य झाले. पुढे दहा वर्षे काँग्रेस केंद्रात आणि दिल्लीत दोन्हीकडे सत्तेवर होती. तिलाही ते विधेयक आठवले नाही. आम आदमी पक्षाने ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर राज्याचे केंद्रशासित प्रदेशात रूपांतर करणाऱ्या विधेयकाला पाठिंबा दिला. स्वतःच्या घरी ज्या नायब राज्यपालाविरुद्ध धरणे धरले, तोच दुसऱ्याच्या घरी पाठवावयास त्या पक्षाची हरकत नव्हती. तेथे ऑक्टोबर २०२४ मध्ये ओमर अब्दुल्ला मुख्यमंत्री झाले तेव्हा पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था नायब राज्यपालांकडे होती. पूर्ण राज्याचे मुख्यमंत्रिपद पूर्वी भूषविलेल्या या गृहस्थांना दोन्ही खुर्च्यांतला फरक अनुभवाने सांगता येईल.

पुदुच्चेरीत किरण बेदी आणि व्ही. नारायणस्वामी यांच्यात २०१६ पासून जवळपास पाच वर्षे असेच चालले. फेब्रुवारी २०२१ मध्ये बेदींना हटविण्यात आले आणि त्याच आठवड्यात नारायणस्वामींचे सरकार कोसळले. दोघांपैकी जिंकले कोणीच नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय जनता पक्षाने दिल्लीत ७० पैकी ४८ जागा जिंकल्या आणि वादाचे आवाज एकदम थांबले. आधीच्या सरकारने नायब राज्यपालांच्या विरोधात चालविलेले काही खटले नव्या सरकारने मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयातून मागे घेतले. शांतता झाली, याचा आनंद कोणालाही व्हावा. परंतु २०२३ चा कायदा मंत्र्यांचा पक्ष पाहत नाही. प्राधिकरणात मुख्यमंत्र्यांचे मत एक आणि अधिकाऱ्यांची दोन, हा हिशेब निवडणुकीने बदललेला नाही.