गणपतीआधी गाडीची स्प्रिंग बघा

तुमच्या गाडीच्या स्प्रिंगा कापून गाडी खाली घेतलेली असेल, तर कृपा करून ती गाडी माणसं भरून घाटात नेऊ नका. आधी तपासून घ्या. गणपती तोंडावर आलेत, प्रत्येक घरातून पाच-पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन गाड्या कोकणात उतरणार आहेत, म्हणून आजच लिहितो आहे.

कोल्हापुरात मी अठ्ठावीस वर्षं व्हील अलाइनमेंटचं काम करतो. परवा संध्याकाळी बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा आला. ‘काका, गाडी डावीकडं ओढतीय, जरा अलाइनमेंट करून द्या.’ गाडी उचलली. पुढचं डावं चाक हवेत लोंबकळलं आणि स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटून बाजूला झुकली. मी ती नुसत्या हातानं गोल फिरवली. खालचं टोक गॅस कटरनं कापलेलं होतं, कापल्या जागी पोलाद निळं-काळं पडलेलं होतं. त्या टोकानं टायरच्या आतल्या भिंतीवर बोटभर लांब चर पाडला होता आणि चरात टायरचे धागे दिसत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच गाडीनं तो आई-वडिलांना घेऊन फोंडा घाटातून कणकवलीला निघणार होता. चार स्प्रिंगा कापायला त्यानं बाराशे रुपये दिले होते.

मुलाचा राग मला आला नाही. गाडी जमिनीलगत छान दिसते, आणि पोराला ती तशी हवीशी वाटली तर त्यात गैर काहीच नाही. पण स्प्रिंग कापली की नक्की काय होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते इथं सांगतो.

छोट्या गाडीत पुढच्या एकेका चाकावर साधारण अडीचशे किलो वजन असतं आणि ते त्या स्प्रिंगवर उभं असतं. कंपनीनं स्प्रिंगची लांबी, वेढे आणि शॉकअपची चाल यांचा मेळ घालून ठेवलेला असतो. सहा कामाचे वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक वेढा कापला, तर ती वीस टक्के कडक होते. दोन कापले तर दीडपट. शॉकअप मात्र जुनाच. त्याला ही कडक स्प्रिंग आवरत नाही आणि गाडी डुलत राहते. शिवाय गाडी दोन इंच खाली बसली म्हणजे शॉकअपचा दांडा दोन इंच आधीच आत गेलेला असतो. आणखी आत जायला जागा उरत नाही. वळणावर खड्डा आला की चाल संपते, बंप स्टॉपर चेपतो आणि त्या क्षणी ते चाक दगडासारखं होतं. रस्त्याला धरून राहण्याऐवजी ते उडतं. ओल्या घाटात वळण घेताना चाक असं उडालं, तर स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते.

दुसरी भीती त्या मुलाच्या गाडीत दिसली तीच. स्प्रिंग आखूड झाली की चाक लोंबताना ती बैठकीत घट्ट बसत नाही. मोठ्या गतिरोधकावरून गाडी उडाली, चाक खाली आलं, की स्प्रिंग जागा सोडते. परत बसेलच याचा भरवसा नाही. तिसरी गोष्ट गॅस कटरची. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला पाणी देऊन तयार केलेलं असतं. कटरच्या ज्योतीनं ते पाणी उतरतं, टोकाजवळचा भाग कुठं मऊ तर कुठं ठिसूळ होतो, आणि पुढं कधीतरी तिथंच तडा जातो. काही ठिकाणी स्प्रिंग न कापता नुसती तापवून बसवतात. ते तर याहून वाईट, कारण किती खाली बसेल यावर कुणाचाच ताबा नसतो.

ब्रेकचंही सांगायला हवं. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह मागच्या एक्सलला दांडीनं जोडलेला असतो. मागची बाजू खाली बसली की गाडी भरलेली आहे असं त्याला वाटतं आणि तो मागच्या चाकांना जास्त दाब देतो. म्हणजे गाडी रिकामी असतानाही करकचून ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी होते.

आता तपासणी. गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक लावा, जॅकवर उचलून खाली मजबूत स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. चाक लोंबकळू द्या आणि स्प्रिंग हातानं हलवून बघा. हलली, फिरली, तर गाडी जागेवर राहू द्या. मूळ स्प्रिंगचं टोक नीट घडवलेलं आणि रंग लावलेलं असतं. कापलेल्या टोकावर ग्राइंडरचे ओरखडे, गंज किंवा निळसर डाग दिसतात. मग टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. बाहेरची नक्षी चांगली आणि आतली गुळगुळीत असेल, तर चाकाचा कोन बिघडलेला आहे. आईवडिलांना विनंती: गाडी तुमच्या नावावर असेल, तर हे तुम्ही स्वतः बघा. मुलाला ओरडण्याआधी बघा.

गाडी खाली घ्यायचीच असेल आणि खिसा लहान असेल, तर आधी चाकांकडं बघा. टायर आणि मडगार्डमधली पोकळी डोळ्याला खुपते, म्हणून गाडी उंच वाटते. स्विफ्टचं उदाहरण घ्या. साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर असतात, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. दोन्हीच्या एकूण व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक. म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही, टायर कुठं घासत नाही, माप कंपनीचंच राहतं आणि मोठ्या रिमनं कमान भरलेली दिसते. वरच्या मॉडेलचे जुने अलॉय घेतलेत तरी चालतील, फक्त बॅलन्सिंग मशीनवर फिरवून वाकलेले किंवा तडकलेले नाहीत ना ते बघून घ्या. निम्म्या मुलांची हौस इथंच भागते, हा माझा अनुभव आहे.

तरीही खाली हवीच असेल, तर पंचवीस-तीस मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्या रस्त्यांचा विचार करा: मानकानुसार गोल गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर, आणि गावोगावचे गतिरोधक मानक बघून बांधलेले नसतात. रिकाम्या हॅचबॅकखाली सोळा-सतरा सेंटिमीटर जागा असते. पाच माणसं बसली की ती आणखी कमी. ऑइल चेंबर फुटला तर घाटातच अडकाल. चारही स्प्रिंगा त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या, एका संचातल्या घ्या, आणि शॉकअप थकले असतील तर तेही त्याच वेळी बदला. पैसे कमी पडत असतील तर सहा महिने थांबा. पुढं नव्या, मागं कापलेल्या असं कधीच करू नका. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायला सांगा, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. शेवटी अलाइनमेंट आणि हेडलाइटची उंची. स्प्रिंग दाबण्याचं काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

त्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. न कळवलेल्या बदलामुळं विम्याचा दावा अडू शकतो. नकार आला तर चाकांवर थांबा.

आणि मिस्त्री मंडळींना हात जोडून सांगतो: पोरगं कितीही मागं लागलं तरी कटर उचलू नका. बाराशे रुपयांचं गिऱ्हाईक जाऊ द्या. कापायला आलेल्या पोराला चाकांचा पर्याय सांगा, तो ऐकतो.

त्या मुलाची गाडी मी त्या रात्री सोडली नाही. आई-वडील एसटीनं गेले. भंगारवाल्याकडं त्याच मॉडेलच्या न कापलेल्या पुढच्या स्प्रिंगांची जोडी मिळाली, नवा टायर घातला. मागच्या दोन नव्या मागवल्यात, त्या येईपर्यंत गाडी माझ्याकडंच उभी आहे. तुमचीही तशी असेल तर घेऊन या. गणपतीपर्यंत रोज संध्याकाळी सहानंतर मी गाडी उचलून बघतो आहे, त्याचे पैसे घेत नाही. स्प्रिंग आधीच सैल आढळली असेल तर टो करून आणा. नाहीतर येताना एकटेच या, सामान उतरवून, आणि सावकाश.