मातीच्या बादलीचा जमाखर्च

वैशाखांतल्या दुपारीं माठाचें पाणी पितांना ‘हें गार कशानें झालें?’ असें घरांतील एखादें मूल विचारतेंच. माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते व त्या वाफेस लागणारी उष्णता माठांतूनच जाते, असें आम्ही त्यास सांगतों. मात्र हेंच उत्तर सबंध पृथ्वीसहि लागू आहे, हें सहसा आमच्या लक्षांत येत नाहीं.

एक ग्रॅम पाणी एक अंशानें तापविण्यास एक कॅलरी पुरते. त्याच पाण्याची उन्हांत वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी लागतात. सर्व पृथ्वीची सरासरी धरली, तर भूपृष्ठानें शोषिलेल्या सूर्यतेजाचा जवळजवळ निम्मा भाग या एकाच खात्यावर खर्ची पडतो. परंतु जमीन कोरडी असली म्हणजे हा खर्च होत नाहीं, आणि शिल्लक राहिलेली उष्णता माती व हवा तापवूं लागते.

म्हणूनच संगणकावर हवामानाचें गणित मांडणारांस मातींतील ओलाव्याचाहि हिशेब ठेवावा लागतो. जपानांत जन्मलेले व अमेरिकेंत संशोधन केलेले स्युकुरो मनाबे यांनीं १९६९ सालीं तो फार सोप्या रीतीनें ठेविला. जमिनीचा प्रत्येक तुकडा म्हणजे पंधरा सेंटिमीटर पाणी मावणारी एक बादली! पाऊस ती भरी, ऊन ती उपशी, आणि भरून वाहिलेलें पाणी नदीकडे जाई. बादली पाऊण भरलेली असेपर्यंत वाफ पुऱ्या वेगानें होई; पाणी त्याखालीं उतरलें कीं त्या मानानें ती मंदावे. पृथ्वीच्या हवामानाच्या गणिताबद्दल मनाबे यांस २०२१ सालीं नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आतां बादलीच्या जागीं मातीचे थर, झाडांचीं मुळें व पानांचीं छिद्रें आलीं आहेत. तत्त्व मात्र तेंच आहे.

हा हिशेब केवळ कागदावरचा नव्हे. २००३ सालीं युरोपांत वसंतऋतु कोरडा गेला व माती आधींच सुकून गेली. पुढें उन्हाळ्यांत उष्णतेची लाट आली, तेव्हां वाफेवर खर्ची पडावयाची उष्णता हवेंतच राहून ती लाट अधिक तापली. त्या उन्हाळ्यांत हजारों माणसें दगावलीं. त्यांत वृद्धांचा भरणा मोठा होता.

तात्पर्य, उन्हाळा किती तापेल हें एकट्या सूर्यावर अवलंबून नसतें. मागल्या पावसाची शिल्लक किती उरली, यावरहि तें ठरतें. घरापुढील सारें अंगण फरशीखालीं बुजवितांना आपण एक बादली कायमची उपडी घालीत आहों, एवढें वडील मंडळींनीं ध्यानीं घ्यावें. निदान एका झाडापुरती तरी माती मोकळी ठेवावी, अशी आमची विनंति आहे.