सायकल विका, पण तपासणी शिकवून

पाऊस ओसरला की सह्याद्रीच्या पायथ्याशी रविवारी भल्या पहाटे सायकली जमू लागतात. पुण्याजवळ सिंहगडाचा पायथा, बोपदेव घाट. इतर शहरांजवळही अशा टेकड्या आणि घाट आहेतच. जाड टायर आणि पुढे सस्पेन्शन असलेल्या या माउंटन बाइक घेऊन आलेल्यांत नवखे पुष्कळ असतात. हेल्मेट, हातमोजे, मोबाइल लावायचा स्टँड, सगळे नवेकोरे. चढ कसाबसा पार होतो. पुढे दगडगोट्यांचा उतार लागतो, सायकल खडखडायला लागते, आणि घरून निघण्याआधीच विचारायला हवा होता असा प्रश्न तिथे उभा राहतो: पुढचे चाक नीट बसवलेले आहे का?

नवख्याला याचे उत्तर ठाऊक नसते, आणि यात त्याचा दोष थोडाच आहे. मोटरसायकल शोरूममधून बाहेर पडण्याआधी तपासली जाते, पहिल्या सर्व्हिसिंगची मुदत सांगितली जाते. सायकलचे बिल झाले की मात्र ती गिऱ्हाइकाच्या हवाली केली जाते आणि विषय संपतो. डोंगरात जाणारी सायकल विकणाऱ्याने ती तपासून, शिवाय तपासायला शिकवून द्यायला हवी. नवख्यांना डोंगरात नेणाऱ्या ग्रुपांनीही तपासणी झाल्याशिवाय कोणाला उतारावर सोडू नये.

कारखान्यातून निघणारी सायकल पूर्ण जोडलेली नसते. खोक्यात पुढचे चाक सुटे असते, हँडल वळवून बांधलेले असते, पेडल वेगळ्या पिशवीत असतात. दुकानातला कारागीर हे सारे जोडतो. ऑनलाइन मागवली तर ग्राहक स्वतःच बैठकीच्या खोलीत, सोबत आलेल्या पान्याने ती जोडतो. इथेच चुका होतात. पुढचा फोर्क उलटा फिरलेला राहतो आणि त्याच अवस्थेत हँडल आवळले जाते. डिस्क ब्रेक असलेल्या सायकलवर ही चूक चटकन ओळखता येते, कारण पुढच्या ब्रेकचा कॅलिपर चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला आणि फोर्कच्या मागच्या बाजूला असायला हवा. तो समोर दिसला तर फोर्क उलटा आहे. दुसरी नेहमीची चूक पेडलची. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळायचे असते. हे माहीत नसलेला माणूस जोर लावून आटे खराब करतो, आणि काही दिवसांनी ते पेडल ऐन चढावर निखळते.

चाकाच्या क्विक रिलीज लिव्हरचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०१५ मध्ये ट्रेक या अमेरिकी कंपनीने अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे १० लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. ही लिव्हर नीट मिटलेली नसेल, तर ती प्रमाणाबाहेर उघडून पुढच्या डिस्कमध्ये अडकू शकत होती. अशा एका अपघातात सायकलस्वाराचे हातपाय लुळे पडले. त्याच वर्षी इतरही अनेक कंपन्यांना याच कारणासाठी सायकली परत बोलवाव्या लागल्या.

ही लिव्हर गोल गोल फिरवून आवळायची नसते, दाबून मिटायची असते. ती सरळ बाहेर रोखलेली असताना हाताला विरोध जाणवू लागला पाहिजे, आणि पूर्ण मिटल्यावर तळहातावर तिचा ठसा उमटला पाहिजे. सहज मिटत असेल तर दुसऱ्या टोकाचा नट किंचित आवळून पुन्हा मिटायची. हे शिकायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तरीही महागडी सायकल घेऊन वर्ष झालेली माणसे ही लिव्हर पंखाच्या नटासारखी फिरवताना दिसतात.

पूर्ण तपासणीसाठी जगभर एक सोपा क्रम वापरला जातो. सायकलकडे बाजूने पाहत नजर इंग्रजी एम अक्षराच्या रेषेने फिरवायची: पुढच्या चाकापासून वर हँडलपर्यंत, तिथून खाली पेडलपर्यंत, पुन्हा वर सीटकडे आणि शेवटी खाली मागच्या चाकाकडे. ठरलेल्या क्रमामुळे काही सुटत नाही. पुढचे चाक उचलून फिरवायचे. ते डावीकडे-उजवीकडे डोलत असेल तर चाकाचा आउट काढून घ्यायला हवा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर हेडसेट सैल आहे. पुढचे चाक दोन पायांत धरून हँडल वळवून पाहायचे. चाक जागेवर राहून हँडल एकटेच फिरत असेल तर स्टेमचे बोल्ट ढिले आहेत. पेडलचे दांडे आडवे हलवून पाहायचे. सीटच्या नळीवर किमान किती भाग आत असावा याची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. सायकल चार बोटे उचलून जमिनीवर आपटली की सैल भाग स्वतःच आवाज देतो. सगळे मिळून दोन-तीन मिनिटांचे काम.

ब्रेकला मात्र जास्त वेळ द्यायला हवा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर ती हँडलच्या ग्रिपला टेकत असेल तर त्या सायकलने उतारावर जायचे नाही, मग सोबतचे कितीही घाई करोत. स्वस्त माउंटन बाइकवर तारेने चालणारे डिस्क ब्रेक असतात. त्यांचे पॅड झिजतात तशी तार आणि पॅड पुन्हा लावून घ्यावे लागतात. हायड्रॉलिक ब्रेक ही झीज बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतात, म्हणून त्यांचे पॅड संपत आलेले लवकर कळत नाहीत. शिमानो या कंपनीच्या पॅडवरचा घर्षणाचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की ते बदलावेत, डिस्क १.८ मिलिमीटरवरून १.५ वर आली की तीही बदलावी. नव्या पॅडला पूर्ण पकड यायलाही वेळ लागतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत यायचे, आणि हे दहा-वीस वेळा करायचे. दुकानातून थेट घाटात नेलेल्या नव्या सायकलचा ब्रेक अपुरा वाटतो, त्याचे एक कारण हेच असते. डिस्कला तेलकट हात लावायचा नाही, आणि चेनवर मारलेला स्प्रे डिस्कवर उडू द्यायचा नाही.

आणखी एक बाब आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. मोटरसायकलच्या सवयीने उजवा ब्रेक म्हणजे पुढचा, असे आपण गृहीत धरतो. अमेरिका आणि युरोपातल्या अनेक देशांच्या पद्धतीने जोडलेल्या सायकलवर पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. मित्राची किंवा भाड्याची सायकल घेतली की कोणती लिव्हर कोणत्या चाकाची, हे सपाटीवर आधी पाहून घ्यायला हवे. तीव्र उतारावर चुकीची लिव्हर जोराने दाबली गेली तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

टायर दगडासारखे टणक असले की चांगले, हा समज रस्त्यावर फारसा नडत नाही. सुट्या मुरुमावर तसे टायर घसरतात. हवेची मर्यादा टायरच्या बाजूला छापलेली असते. डोंगरात त्या मर्यादेच्या खालच्या टोकाजवळ राहणे बरे. फारच कमी ठेवली तर दगडावर आदळून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि तिला समांतर दोन भोके पडतात. पेट्रोल पंपावर हवा झटक्यात भरते आणि अंदाज चुकतो, म्हणून काटा असलेला साधा हातपंप हीच पहिली खरेदी असावी. माळरानावर बाभळीचे काटे ठरलेलेच. पंक्चर काढताना टायरच्या आतून कापड फिरवून काटा शोधला नाही, तर नवी ट्यूबही थोड्याच अंतरावर बसते.

चेनचे काम सोपे आहे, पण ते उलटे केले जाते. धूळ बसलेल्या चेनवर तेल ओतले की धूळ आणि तेल मिळून कानशीसारखे घासतात. आधी कापडाने पुसायची, मग प्रत्येक कडीवर एक थेंब, पेडल उलटे फिरवून ते मुरू द्यायचे आणि बाहेरचे तेल पुन्हा पुसायचे. इंजिन ऑइल दाट असते आणि धूळ ओढते, ते टाळावे. पट्टीने मापली तर नव्या चेनच्या २४ कड्या, पिनेपासून पिनेपर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. हे अंतर एक सोळांश इंचाने वाढले की चेन बदलावी. आणखी वाट पाहिली तर मागची दातेरी चक्रेही जातात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. पावसाळी राइडनंतर चिखल बादलीतल्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढावा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा बेअरिंगमधले ग्रीस धुऊन नेतो.

या खेळाचा जन्मच देखभालीशी बांधलेला आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅरिन काउंटीत काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकलींवरून डोंगरउतारावर शर्यती लावू लागले. त्या सायकलींना पाय उलटा मारून लागणारा ब्रेक होता. उतारभर दाबून तो इतका तापे, की हबमधले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नाव ‘रिपॅक’ पडले. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही या खेळातली आद्य नावे त्याच उतारावर घडली. पुढे १९९६ मध्ये अटलांटाला माउंटन बाइकिंग ऑलिम्पिकमध्ये आले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आघाडीवरच्या टॉम पिडकॉकचे पुढचे चाक पंक्चर झाले. ठरलेल्या मदत केंद्रात चाक बदलून मिळाल्यावर तो बराच मागे पडला होता. तरीही त्याने सुवर्णपदक जिंकले. नवख्याच्या वाटेवर असे मदत केंद्र नसते. एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, मल्टिटूल आणि चेनची जोडकडी एवढे सामान त्याने स्वतःच्या पिशवीत ठेवायला हवे, आणि ते वापरायचा सराव घरी करून ठेवायला हवा.

दुकानदार म्हणतील, एवढा वेळ कुणाला आहे? सायकलमागे सुटणारा नफा बेताचा असतो, हे खरे. मग अर्ध्या तासाच्या शिकवणीची मजुरी बिलात वेगळी लावावी. हजारो रुपये मोजणारा ग्राहक तीही देईल, फक्त ती कशासाठी आहे हे त्याला सांगायला हवे. सायकल कोणत्या वापरासाठी बनवली आहे, हेही त्याच वेळी सांगावे. जाड टायरची प्रत्येक सायकल उड्या मारण्यासाठी नसते. अनेक कंपन्या माहितीपुस्तिकेत वापराचा वर्ग छापतात: एका वर्गातली सायकल १५ सेंटिमीटरपर्यंतच्या उडीसाठी, तर त्याच्या वरच्या वर्गातली ६१ सेंटिमीटरपर्यंत. ग्रुपांनीही निघण्याच्या ठिकाणी दहा मिनिटे राखून प्रत्येक नवख्याला जाणत्याच्या देखरेखीखाली स्वतःची सायकल तपासायला लावावी, आणि ब्रेक नीट नसेल तर त्या दिवशी त्याला सपाट रस्त्यावरच थांबवावे.

दसरा-दिवाळीत सायकलींची मोठी खरेदी होते. पैसे देण्याआधी ग्राहकाने दुकानदाराला पुढचे चाक काढून पुन्हा बसवायला सांगावे, मग तेच स्वतः करून दाखवावे. त्यासाठी दुकानदाराला वेळ नसेल, तर खरेदी दुसऱ्या दुकानात करावी.